एका खेपेचा माग: म्यानमारला जाणाऱ्या शस्त्रांविरुद्ध काम करताना

म्यानमारच्या लष्कराला भारतातून शस्त्रे जाऊ नयेत म्हणून आम्ही जे काम करतो, त्यातला मोठा भाग कागदांचा आहे. मोर्चा, निवेदन, सह्यांची मोहीम यांना त्यांची जागा आहेच. पण ‘म्यानमारला शस्त्रे देऊ नका’ एवढ्या एका ओळीला कुठलेही कार्यालय उत्तर देत नाही. कोणती वस्तू, किती नग, कोणत्या कंपनीकडून, कुणाच्या नावे, कोणत्या परवानगीवर गेली, असे विचारले की टाळाटाळ अवघड होते. नाही म्हणायचे तरी कलम लिहावे लागते, सही करावी लागते, आणि त्या नकारावर पुढचे पाऊल टाकता येते. ज्यांना या कामात उतरायचे आहे त्यांना उपयोगी पडेल असे, आमच्या अनुभवातले, इथे लिहीत आहोत.

आधी पार्श्वभूमी. १ फेब्रुवारी २०२१ रोजी म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता बळकावली आणि तिथल्या जुन्या यादवीने देशभर पेट घेतला. १८ जून २०२१ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने म्यानमारमध्ये जाणारा शस्त्रांचा ओघ रोखण्याचे आवाहन केले. ठरावाच्या बाजूने ११९ मते पडली, विरोधात एकट्या बेलारूसचे, आणि तटस्थ राहिलेल्या ३६ देशांत भारत होता. सुरक्षा परिषदेचा डिसेंबर २०२२ चा ठराव क्रमांक २६६९ हिंसा थांबवण्याची मागणी करतो, पण त्यात शस्त्रबंदी नाही. तिथेही भारत तटस्थच राहिला. म्हणजे बंधनकारक आंतरराष्ट्रीय बंदी आजही नाही. शस्त्रव्यापार करारावर २०१३ मध्ये मतदान झाले तेव्हाही भारत तटस्थ होता आणि करारात तो सामील झालेला नाही. त्यामुळे ब्रिटन किंवा इटलीतले कार्यकर्ते ज्या कायदेशीर निकषांवर बोट ठेवतात, ते आपल्याकडे तयार मिळत नाहीत. इथे आधार आहे तो जिनिव्हा करारांच्या पहिल्या कलमाचा, म्हणजे युद्धाचे नियम पाळणे आणि इतरांकडूनही पाळले जातील हे पाहणे. १९४८ च्या वंशसंहारविरोधी कराराचाही आधार आहे. हे दोन्ही भारताने स्वीकारलेले आहेत. पत्रात, अर्जात, खासदाराला द्यायच्या टिपणात आम्ही हेच दोन आधार देतो.

म्यानमारमधल्या मानवी हक्कांसाठी नेमलेले संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक टॉम अँड्र्यूज यांनी मे २०२३ मध्ये जो अहवाल दिला, त्यात सत्ता बळकावल्यानंतर म्यानमारच्या लष्करापर्यंत किमान १ अब्ज डॉलरची शस्त्रे आणि शस्त्रनिर्मितीचा माल पोहोचल्याचे दाखवले आहे. रशियातून ४०.६ कोटी डॉलर, चीनमधून २६.७ कोटी, सिंगापूरमधल्या कंपन्यांकडून २५.४ कोटी, भारतातून ५.१ कोटी आणि थायलंडमधून २.८ कोटी. भारताचा आकडा रशियाच्या आठव्या भागाएवढा आहे हे आम्ही स्वतःहून सांगतो. लपवले तर समोरचा ते काढतोच. आमचा मुद्दा वेगळा आहे: या ५.१ कोटींत सरकारी मालकीच्या कंपन्यांचा माल आहे, म्हणजे त्याचा जाब नागरिक म्हणून आपण विचारू शकतो. रशियन कारखान्याला पुण्या-नागपुरातून कोण विचारणार?

महाराष्ट्राचा संबंध थेट आहे. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ मोडून सात सरकारी कंपन्या केल्या गेल्या. त्यांपैकी म्युनिशन्स इंडियाचे मुख्यालय पुण्यात आणि यंत्र इंडियाचे नागपुरात आहे. रडार आणि इलेक्ट्रॉनिक्स बनवणाऱ्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे मुख्यालय बंगळूरला असले तरी तिचे कारखाने पुण्यात आणि नवी मुंबईतही आहेत. यंत्र इंडियाकडून ऑक्टोबर २०२२ मध्ये १२२ मिलिमीटरच्या २० नळ्या म्यानमारला गेल्याची बातमी व्यापारी नोंदींच्या आधारे प्रसिद्ध झाली. किंमत ३ लाख ३० हजार डॉलर, माल घेणारी यांगोनमधली एक खासगी कंपनी.

ही खेप नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण ‘शस्त्रे नाहीत, नुसते सुटे भाग आहेत’ हे उत्तर सर्वांत जास्त वेळा ऐकावे लागते. १२२ मिलिमीटर हा सोव्हिएत बनावटीच्या हॉवित्झर तोफांचा व्यास. तोफेचा गाडा, धक्का झेलणारी यंत्रणा, दुर्बीण हे भाग सांभाळले तर कित्येक दशके टिकतात. झिजते ती नळी. प्रत्येक गोळ्यामागे तापलेला वायू नळीच्या आतल्या पिळाच्या खाचा खातो, विशेषतः गोळा जिथे बसतो त्या टोकाला. खाचा बोथट झाल्या की गोळ्याला पुरती फिरकी मिळत नाही, वायू बाजूने निसटतो, पल्ला घटतो. तोफखान्यात नळीची झीज मोजतात, आणि ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेलेली नळी बाद करतात. नवी नळी बसली की जुनी तोफ पुन्हा कामाला लागते. ३ लाख ३० हजार भागिले २०, म्हणजे नळीमागे साडेसोळा हजार डॉलर. नवी तोफ विकत घेण्याच्या मानाने ही रक्कम फार लहान आहे, आणि म्हणूनच सुट्या भागांचा व्यापार लष्कराला मोलाचा आणि बाहेरच्यांच्या नजरेत न भरणारा असतो. हे एवढे स्पष्टीकरण एका पानात लिहून आम्ही प्रत्येक अर्जासोबत ठेवतो.

आता माग कसा काढायचा. सुरुवात फुकटच्या नोंदींपासून करावी. वाणिज्य मंत्रालयाच्या निर्यात-आयात डेटाबँकेत देश निवडून आठ अंकी एचएस कोडपर्यंत, म्हणजे मालाच्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीच्या क्रमांकापर्यंत, आकडे पाहता येतात. शस्त्रे आणि दारूगोळा म्हणजे चॅप्टर ९३: ९३०१ मध्ये लष्करी शस्त्रे, ९३०५ मध्ये त्यांचे भाग, ९३०६ मध्ये बॉम्ब, तोफगोळे, काडतुसे. पण फक्त ९३ पाहून थांबणारा माणूस निम्मे चित्र पाहतो. रडार ८५२६ मध्ये येते, चिलखती वाहने ८७१० मध्ये, डिटोनेटर, म्हणजे स्फोट पेटवणारे भाग, ३६०३ मध्ये. रकाना दशलक्ष डॉलरचा निवडला तर लहान खेप ०.०३ किंवा सरळ शून्य दिसते, म्हणून रुपयांचा रकाना घ्यावा. भारताची निर्यात आणि समोरच्या देशाची आयात जुळली नाही म्हणून लगेच लपवाछपवी समजू नये. आपल्याकडची किंमत बंदरावर चढवलेल्या मालाची असते, तिकडची वाहतूक आणि विमा धरून. शिवाय मार्चमध्ये निघालेली खेप तिकडे एप्रिलमध्ये उतरते आणि आर्थिक वर्षच बदलते.

३६०३ बाबत खास सावधगिरी हवी. नागपूर परिसरात खाणींसाठी स्फोटके आणि डिटोनेटर बनवणारा मोठा उद्योग आहे आणि त्याची निर्यात अनेक देशांत होते. खाणीचा डिटोनेटर आणि तोफगोळ्याचा फ्यूज यांत गल्लत करून कुणा कंपनीवर आरोप केला, तर मोहीम तिथेच संपते आणि बदनामीची नोटीस येते ती वेगळीच. वर्णनातले शब्द, नगामागची किंमत आणि माल घेणाऱ्याचा धंदा या तिन्ही गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवत असतील तरच ती ओळ पुढच्या यादीत घ्यायची. नुसता कोड पुरावा नसतो.

खेपनिहाय नोंदी, म्हणजे शिपिंग बिलाच्या (निर्यातदार सीमाशुल्क विभागाकडे भरतो त्या कागदाच्या) पातळीवरचा तपशील, खासगी कंपन्या विकतात. त्यात ठरावीक चुका होतात. एकाच शिपिंग बिलातल्या पाच वस्तू पाच ओळींत येतात आणि काही संचांत प्रत्येक ओळीपुढे पूर्ण बिलाची रक्कम पुन्हा छापलेली असते. बेरीज केली की पाचपट आकडा. एकक ‘नग’ आहे की ‘संच’ आहे हे न पाहता भाव काढला तर तोही चुकतो. माल घेणाऱ्याच्या जागी बँकेचे किंवा मालवाहतूक एजंटचे नाव असेल तर खरा खरेदीदार कळत नाही. म्हणून शिपिंग बिलाचा क्रमांक, तारीख, बंदर आणि ओळ क्रमांक हे चार रकाने आम्ही मूळ नोंदीतून जसेच्या तसे उतरवून घेतो आणि त्यावरून दुबार ओळी काढतो. हे काम दोघांनी वेगवेगळे करून शेवटी ताडून पाहावे.

इथे एक कायदा ठाऊक नसेल तर गोत्यात यायला होते. २०२२ च्या वित्त अधिनियमाने सीमाशुल्क कायद्यात कलम १३५एए घातले. निर्यात किंवा आयातीसाठी नोंदवलेल्या मालाचे मूल्य, प्रमाण किंवा निर्यातदार-आयातदाराचा तपशील कायद्याची गरज नसताना प्रसिद्ध करणे हा त्यामुळे गुन्हा झाला. सहा महिन्यांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खेपनिहाय नोंदी हाती आल्या म्हणून त्या समाजमाध्यमांवर टाकायच्या नाहीत. त्या आतल्या कामासाठी वापराव्यात, त्यांवरून प्रश्न तयार करावेत, आणि जाहीरपणे बोलताना संयुक्त राष्ट्रांच्या अहवालात किंवा वृत्तपत्रांत आधीच आलेला तपशील घ्यावा. तरीही प्रसिद्धीपूर्वी वकिलाची नजर हवीच.

सीमेपलीकडून येणाऱ्या फोटोंबद्दल तितकीच काळजी घ्यावी. अवशेषांचा फोटो व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर त्यात काढल्याची जागा आणि वेळ तशीच राहू शकते. तो फोटो आपल्याकडून कुणाच्या हाती गेला तर पाठवणाऱ्याचे गाव कळते. मूळ प्रत एका ठिकाणी कुलूपबंद ठेवून बाकीच्यांना माहिती काढून टाकलेली प्रत द्यायची, हा नियम आमच्यात कुणासाठीही सैल होत नाही.

यानंतर माहितीचा अधिकार. शस्त्रनिर्यातीचे नियमन विदेशी व्यापार कायदा, १९९२ खाली ‘स्कोमेट’ यादीने, म्हणजे परवानगीशिवाय निर्यात करता न येणाऱ्या मालाच्या यादीने, होते. त्यातला प्रवर्ग ६ लष्करी मालाचा, आणि त्याची परवानगी संरक्षण मंत्रालयातला संरक्षण उत्पादन विभाग देतो. म्हणून एक अर्ज त्या विभागाला आणि दुसरा थेट कंपनीच्या जन माहिती अधिकाऱ्याला द्यावा, कारण सरकारी मालकीची कंपनी स्वतःही सार्वजनिक प्राधिकरण असते. शुल्क १० रुपये, अर्ज साधारण ५०० शब्दांच्या आत, उत्तराची मुदत ३० दिवस.

अर्जात ‘का’ विचारू नये. ‘म्यानमारला शस्त्रे का दिली?’ याला ‘ही माहितीच्या व्याख्येत बसत नाही’ असे एका ओळीचे उत्तर येते आणि ते कायद्याला धरून असते. ‘आर्थिक वर्ष २०२२-२३ मध्ये म्यानमार हा अंतिम देश असलेल्या, प्रवर्ग ६ खालील किती निर्यात परवानग्या दिल्या, किती नाकारल्या, ती संख्या द्यावी’ असे लिहावे. एका अर्जात एकच वर्ष. पाच वर्षांचे मागितले की ‘माहिती गोळा करण्यात कार्यालयाची साधनसामग्री प्रमाणाबाहेर खर्च होईल’ असे सांगून कलम ७(९) पुढे केले जाते. दुसरा प्रश्न अंतिम वापरकर्त्याच्या प्रमाणपत्राचा. असा माल परदेशी नेमका कोण वापरणार याचे प्रमाणपत्र परवानगीसाठी लागते. माल खासगी कंपनीच्या नावे जातो तेव्हा हे प्रमाणपत्र कोणत्या संस्थेने दिले, एवढेच विचारावे. व्यक्तीचे नाव मागू नये.

नकार बहुधा येतोच, आणि तो कलम ८(१)(ए) म्हणजे देशाचे सामरिक हित व परराष्ट्रसंबंध, किंवा ८(१)(डी) म्हणजे व्यापारी गुपित, यांखाली येतो. नकार मिळाल्यापासून ३० दिवसांत पहिले अपील करायचे. केंद्रीय कार्यालयांत त्याला शुल्क नाही. अपिलात भावनेचे काही लिहू नये. तीन मुद्दे पुरतात. नुसत्या संख्येने सामरिक हिताला कशी बाधा येते हे नकारात सांगितलेले नाही, आणि नकार योग्य होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी कलम १९(५) नुसार अधिकाऱ्यावर आहे. कलम १० नुसार गोपनीय भाग वगळून उरलेला देता येतो. आणि कलम ८(२) नुसार सार्वजनिक हित मोठे असेल तर अपवादातली माहितीही देता येते. त्यानंतर ९० दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडे दुसरे अपील. तिथे वेळ फार लागतो. या मार्गाने थेट नळीचा कागद हाती येईल अशी आशा आम्ही धरत नाही. पण ‘अशी कोणतीही परवानगी दिलेली नाही’ आणि ‘माहिती देता येत नाही’ या दोन उत्तरांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसरे उत्तर मिळाले की ते घेऊन खासदाराकडे जाता येते.

खासदारांचे काम वेळापत्रकाचे आहे. लोकसभेत प्रश्नाची सूचना किमान १५ पूर्ण दिवस आधी द्यावी लागते आणि प्रश्न १५० शब्दांत बसवावा लागतो. मंत्रालयांचे वार ठरलेले असतात. अधिवेशन जाहीर झाल्यावर जागे झालो तर पहिले दोन आठवडे गेलेच. म्हणून टिपण आधी तयार ठेवायचे: एक पान, त्याखाली प्रश्नाचा मजकूर (अ) ते (ड), इंग्रजीत आणि मराठीत. खासदाराच्या स्वीय सहायकाला तो तसाच पुढे पाठवता आला पाहिजे. तारांकित प्रश्नाला तोंडी उत्तर मिळते आणि उपप्रश्न विचारता येतात, पण लोकसभेत दिवसाला २०च निघतात. अतारांकित २३० निघतात. आम्ही अतारांकितच मागतो, कारण लेखी उत्तर कायमचे नोंदीत राहते.

खासदारांसमोर माणुसकीचा मुद्दा मांडावाच. ११ एप्रिल २०२३ रोजी सगाईंग प्रांतातल्या पाझिजी गावावर लष्कराने हवाई हल्ला केला, त्यात दीडशेहून अधिक माणसे मेली, लहान मुले धरून. पण बैठकीत पहिला प्रतिप्रश्न येतो तो ईशान्य भारताच्या सुरक्षेचा: म्यानमारच्या लष्कराला दुखावले तर सीमेवर मदत कोण करणार? हा प्रश्न खरा आहे आणि त्याला तयारीने उत्तर द्यायला हवे. भारत-म्यानमार सीमा १,६४३ किलोमीटरची. ऑक्टोबर २०२३ नंतर तिच्या पलीकडचा बराच मुलूख लष्कराच्या हातातून गेला. मिझोरामला म्यानमारमार्गे समुद्राशी जोडणाऱ्या भारताच्या कलादान प्रकल्पाच्या मार्गावरचे पलेटवा जानेवारी २०२४ मध्ये लष्कराविरुद्ध लढणाऱ्या अराकान आर्मीने घेतले. ज्या सीमेच्या मोठ्या भागात लष्करच उरलेले नाही ती राखायला त्याला तोफनळ्या देऊन काय साधते? आणि मिझोरामने म्यानमारच्या चिन राज्यातून आलेल्या तीस हजारांहून जास्त निर्वासितांना आसरा दिला आहे, त्यांना घराबाहेर काढणारी तोफ कोणाची होती? आमच्या अनुभवात पक्ष कोणताही असो, या मांडणीनंतर बोलणे पुढे सरकते.

न्यायालयाचा रस्ता सध्या अरुंद आहे. इस्रायलला होणारी शस्त्रनिर्यात थांबवावी अशी याचिका सर्वोच्च न्यायालयाने ९ सप्टेंबर २०२४ रोजी फेटाळली. परराष्ट्र धोरण हे सरकारचे क्षेत्र आहे, असे तत्कालीन सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या पीठाचे म्हणणे होते. त्यात आणखी एक अडचण आहे. न्यायप्रविष्ट बाबीवर संसदेत प्रश्न घेतला जात नाही. घाईने याचिका टाकली तर हातात असलेले दुसरे दारही बंद होते.

पैशाची बाजू मात्र खुली आहे. भारत इलेक्ट्रॉनिक्स शेअर बाजारात नोंदलेली आहे, आणि नॉर्वेच्या सरकारी पेन्शन निधीने म्यानमारला शस्त्रे विकल्याच्या कारणावरून तिला आपल्या गुंतवणुकीतून वगळले आहे. एक शेअर घेतला तरी वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना मिळते; ती सभेच्या किमान २१ दिवस आधी यायला हवी. तिच्यात वक्ता म्हणून नाव नोंदवण्याची शेवटची तारीख बारीक अक्षरात असते, ती आधी शोधावी. ठराव मांडायला दहा टक्के मताधिकार लागतो, तो आपल्या आवाक्यात नाही. प्रश्न विचारता येतो. बोलायला दोन-तीन मिनिटेच मिळतात, म्हणून भाषण नको. सेबीच्या नियमाने कंपनीला जो जबाबदारी व शाश्वतता अहवाल द्यावा लागतो, त्यातले पाचवे तत्त्व मानवी हक्कांचे आहे. ‘म्यानमारला दिलेल्या मालाबाबत या तत्त्वाखाली कोणती तपासणी केली?’ एवढे एकच वाक्य वाचावे आणि तेच आधी ईमेलने पाठवावे. यंत्र इंडियाचे सगळे भाग सरकारकडे आहेत, त्यामुळे तिथे हा मार्ग नाही. माहिती अधिकार आणि संसद हेच.

कामगारांशी बोलणे टाळू नये. आयुध निर्माणीतल्या माणसाला मोहिमेची पहिली भीती नोकरीची वाटते, आणि महामंडळीकरणानंतर ती साहजिकही आहे. २०२३-२४ मध्ये भारताची संरक्षण निर्यात २१,०८३ कोटी रुपये होती. २ कोटी ७० लाखांच्या आसपासची ती नळ्यांची खेप तिच्यात किती, ते कागदावर मांडून दाखवावे. मागणी एका खरेदीदारापुरती आहे, कारखाना बंद करण्याची नाही, हे पत्रकाच्या पहिल्याच परिच्छेदात लिहावे. फाटकाबाहेर घोषणा देण्याआधी युनियनच्या कार्यालयात जाऊन पत्रक वाचायला द्यावे.

या सगळ्याने काही होते का, असे लोक विचारतात. अँड्र्यूज यांच्या २०२३ च्या अहवालात सिंगापूरमधल्या कंपन्यांच्या खेपा तपशिलाने आल्या, तिथल्या सरकारने चौकशी लावली, आणि वर्षभरात सिंगापूरमार्गे जाणारा माल ११ कोटी डॉलरहून सुमारे १ कोटीवर आला. म्यानमारच्या लष्कराची बँकांमार्फत होणारी परदेशी खरेदीही ३७.७ कोटी डॉलरवरून २५.३ कोटींवर घसरली. त्याच काळात थायलंडमधल्या कंपन्यांकडून जाणारा माल मात्र दुपटीवर गेला. म्हणून आमच्या तक्त्यात म्यानमारच्या शेजारी थायलंड आणि सिंगापूरचे रकाने आहेत. ९३०५, ९३०६, ८५२६ आणि ३६०३ या चार कोडांवर भारतातून या तिन्ही देशांत काय गेले ते दर तिमाहीला उतरवून घेतो. एका रकान्यातला आकडा घटून शेजारच्यात तितकाच वाढला, की त्या कोडावर नवा माहिती अर्ज जातो.